आधी कुठून, मग कुठे

लंबूचं बोट एंटरवर टेकणार तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं. नुसतं अडवलं नाही, आवळलं. त्याच्या घड्याळाचा पट्टा तिच्या तळहातात रुतला. तो दचकून वळला. खुर्चीत बसूनही तो उभ्या माणसाच्या खांद्याला लागायचा, म्हणून सगळं हॉस्पिटल त्याला लंबू म्हणे. अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, कामाला चोख. "काय झालं मॅडम?" त्याने विचारलं. "उलटं लिहिलंयस," ती म्हणाली. तो पडद्याकडे पाहत राहिला. ओळ एवढीशी होती. कॉपी, मग एका फाइलचं नाव, मग दुसरीचं. नावं बरोबर होती, क्रम चुकला होता. जपून ठेवलेली जुनी फाइल नवीच्या जागी आणायची, तर तो नवीच उचलून जुनीवर ओतायला निघाला होता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा लावला, आणि लांब श्वास सोडून म्हणाला, "वाचलो. आज माझा मास्तर झाला असता." हे तो हसत म्हणाला. त्यांच्या खात्यात सगळेच म्हणत. कुणाच्या हातून काही पुसलं गेलं, कुठली फाइल उडाली, की त्याचा मास्तर झाला. मग लंबूने विचारलं, "पण तुम्हाला एवढ्या पटकन दिसलं कसं?" आणि तिच्या तोंडून, जणू कुणी वेळ विचारावी आणि सांगावी इतक्या सहज, निघून गेलं, "मी केलंय हे."

मोठ्याने बोललेलं ते वाक्य तिने स्वतःच पहिल्यांदा ऐकलं. लंबूच्या लक्षात काही आलं नाही. "कधी?" तो म्हणाला, पण त्याची नजर पडद्यावर परत गेली होती, ओळ पुसण्यात तो गुंतला होता. "फार वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "नीट लिही. आधी कुठून, मग कुठे." आणि हे चार शब्दही तिचे नव्हते.

रविवारची दुपार होती. बाहेरच्या रुग्णांचा विभाग बंद, वर जिने रिकामे. तळघरातली ही खोली बाराही महिने गार असायची. दारामागच्या खुंटीवर एक राखाडी स्वेटर कायम टांगलेला, आत येईल त्याने घालायचा. आज तो तिच्या अंगात होता आणि तरी तिची बोटं थंड पडली होती. समोरच्या लोखंडी कपाटात तो मुख्य स्विच. हॉस्पिटलमधल्या प्रत्येक संगणकाची, फोनची, खाटेशेजारच्या यंत्राची तार शेवटी त्याच्यात येऊन मिळे आणि कुणाचं बोलणं कुणाकडे जाऊ द्यायचं ते तो ठरवी. ठरवी म्हणजे त्याला तसं लिहून दिलेलं होतं: साडेनऊशे ओळी, वर्षानुवर्षं एकेक करून जमलेल्या, नवा वॉर्ड निघाला की चार, जुना मोडला की दोन कमी. नऊ दिवसांपूर्वी त्या दोघांनी त्याचं सॉफ्टवेअर नव्या व्हर्जनवर नेलं होतं. नव्या व्हर्जनची एक खोड असते. सुरू झालं की ते हा सगळा मजकूर आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून ठेवतं. पुढे जाताना त्याचं काही वाटत नाही. मागे यायचं झालं तर मात्र जुन्या व्हर्जनला त्यातलं अक्षर लागत नाही आणि स्विच कोरा उठतो, कालच आणून बसवल्यासारखा. म्हणून पुढे जाण्याआधी जुन्या मजकुराची कॉपी बाजूला ठेवायची, मागे येताना आधी ती जागेवर आणायची आणि मगच रीस्टार्ट. ती एक सोडून तीन कॉप्या ठेवायची. एक स्विचमध्ये, एक लॅपटॉपवर, एक कागदावर छापून. पाठीमागे तिला झेरॉक्सबाई म्हणतात हे तिला ठाऊक होतं. लंबूची चूक झाली असती तरी लॅपटॉपवरची कॉपी होतीच, पण ती चढवेपर्यंत तासभर सहज गेला असता, आणि त्या तासात वर अतिदक्षता विभाग होता.

मागे यावं लागत होतं ते त्या विभागामुळेच. नव्या व्हर्जनपासून तिथल्या सिस्टरच्या टेबलावरचा मोठा पडदा, ज्यावर सगळ्या खाटांचे ठोके एका जागी दिसायचे, तो मधूनच काही क्षण कोरा व्हायचा. यंत्रं चालू असत, माणसं बरी असत, फक्त टेबलापर्यंत काही पोचायचं नाही. "दर दहा मिनिटांनी माझे पेशंट गायब होतात," सिस्टर फोनवर म्हणाली होती. वीस वर्षं नोकरी झालेली जुनी बाई, आवाज चढवायची नाही. "मी प्रत्येक खाटेपाशी एक मुलगी उभी केलीय. पण मुलींनाही पाय आहेत हो." आज सकाळीच ठरलं. मधल्या नऊ दिवसांत जे नवं जोडलं होतं, दोन फोन आणि एक्स-रेचा एक संगणक, ते मागे गेल्यावर हाताने पुन्हा लिहायचं. वहीत ते टिपलेलं होतं.

लंबूने ओळ नीट लिहिली, तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. मग रीस्टार्ट. कपाटातले पंखे आधी थांबले आणि मग एकदम मोठ्याने घोंघावू लागले, हिरवे दिवे गेले. सात मिनिटं. सिस्टरला सांगून ठेवलं होतं, मुली खाटांपाशी उभ्या होत्या. ही सात मिनिटं तिला कधीच सोसत नसत. इतर वेळी ती जिन्यात जाऊन उभी राहायची. आज ती कपाटासमोरच उभी राहिली. आवाज तोच होता. सतरा वर्षांपूर्वी स्विच दुसरा होता, खोली वरच्या मजल्यावर होती, एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या, पण आवाज अगदी हाच. तिच्या मुलाला तेव्हा चौथा महिना होता. झोप कशी ती माहीत नव्हती, नोकरी पक्की व्हायला सहा आठवडे उरले होते, आणि ब्लाउजवर दुधाचा डाग दिसू नये म्हणून ती वही छातीशी धरून बसली होती. मास्तर तिचे वरिष्ठ. खरं नाव खात्यात कुणी घेत नसे. खिशात खडू ठेवायचे, लोखंडी कपाटाच्या काळ्या पाठीवर चौकोन आणि बाण काढून शिकवायचे, म्हणून मास्तर. कॉपीची ओळ लिहिताना दर वेळी पुटपुटायचे, आधी कुठून, मग कुठे. त्या दिवशीही जुन्या व्हर्जनवर मागे यायचं होतं आणि जुन्या मजकुराची कॉपी त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. मग प्रसूती वॉर्डातून फोन आला म्हणून बाहेर गेले आणि जाता जाता म्हणाले, अजून एक कॉपी घेऊन ठेव, असू दे. तिने घेतली. एंटर दाबलं, आणि पडद्यावर उमटलेली ओळ वाचली. कुठून आणि कुठे. तिला दिसलं होतं. नंतर कित्येकदा तिने स्वतःला समजावलं की नीट दिसलं नव्हतं, झोप नव्हती, डोळे चुरचुरत होते. पण दिसलं होतं. मास्तर परत आले तेव्हा तोंड उघडायचं, तर ती उघडणारच होती. आधी त्यांनी विचारलं, "बाळ कसं आहे?" आणि ती म्हणाली, "बरं आहे." मग त्यांनी ती जपलेली कॉपी जागेवर आणली आणि रीस्टार्ट केलं.

अकरा तास. स्विच कोरा उठला. जपलेल्या कॉपीतही नवाच मजकूर, जुना कुठेच नाही, आणि आधी कुणी काय टाइप केलं त्याची नोंद रीस्टार्टबरोबर पुसली गेलेली. मास्तरांनी वही, खडू आणि आठवण यांवर एकेक ओळ पुन्हा उभी केली. ती शेजारी बसून वाचून दाखवत होती. रक्ताचे रिपोर्ट चिठ्ठ्यांवर लिहून माणसं जिन्यांवरून पळत होती. दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. एका म्हाताऱ्या बाईची चिठ्ठी भलत्याच मजल्यावर गेली, तिला चुकीच्या गटाचं रक्त लागायचंच ते एका डॉक्टरने वेळीच ओळखलं. कुणी दगावलं नाही. पण चौकशी बसली आणि मास्तर समितीसमोर म्हणाले, माझ्या हातून झालं. एवढंच. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना भांडार विभागात पाठवलं, पलंगपोस आणि हातमोजे मोजायला, आणि दोन वर्षांनी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी ती रजेवर होती. मुलाला ताप आहे असं तिने कळवलं होतं, आणि ताप खरोखर होता, याचं तिला किती बरं वाटलं होतं.

त्या दिवसापासून तिने मनाशी एक गोष्ट धरून ठेवली होती: त्यांना कळलं होतं. त्यांच्यासारख्या माणसाला कळणार नाही असं होईल का? पदरात तान्हं मूल, नोकरी कच्ची, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. या गोष्टीवर ती उभी राहिली. त्यांची आब राखायची म्हणून ती तीन कॉप्या घेऊ लागली, हाताखालच्या कुणाला कधी वाकडं बोलली नाही, दुसऱ्याची चूक चारदा आपल्या अंगावर घेतली आणि त्या चारही वेळी तिला वाटलं, थोडं फिटलं. मुलगा वाढत गेला तशी ती गोष्टही वाढत गेली. मास्तरांचा चेहरा धूसर झाला आणि त्या जागी एक मोठा, शांत, सगळं जाणणारा माणूस येऊन बसला. आणि खात्यात कुणी 'मास्तर झाला' म्हटलं की ती इतरांबरोबर हसायची. पहिल्यांदा हसली तेव्हा घरी जाऊन तिला जेवण गेलं नव्हतं. पुढे जेवण जायला लागलं.

हिरवे दिवे एकामागून एक लागले. लंबू ओळी वर-खाली करून पाहत होता, ओठ हलत होते. "साडेनऊशे. सगळ्या आहेत," तो म्हणाला. फोन वाजला. "आले सगळे," सिस्टर म्हणाली. "चौदाच्या चौदा. थोडं थांबू, मग मुलींना बसवते." त्यांनी दोन फोन आणि एक्स-रेचा संगणक हाताने जोडला, पाऊण तास वाट पाहिली, पडदा एकदाही कोरा झाला नाही. लंबू डबा उघडून बसला, अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, "मास्तर माणूस होता." त्याला कळेना. "म्हणजे?" "तू म्हणालास ना, माझा मास्तर झाला असता. ते एका माणसाचं नाव आहे. या खात्यातला. मला त्यांनीच शिकवलं." लंबूने घास खाली ठेवला. "मला वाटायचं नुसतीच म्हणण्याची पद्धत," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "तुम्ही मघाशी म्हणालात, तुम्ही केलंय." तिने पोळीचा तुकडा मोडला. नको तिथे नको ते न विचारण्याचं शहाणपण त्याच्याकडे होतं. तिने स्वेटर खुंटीला लावला, पर्स घेतली आणि वर उन्हात आली.

पत्ता तिच्याकडे होता. चौदा वर्षांपूर्वी निवृत्तांच्या यादीतून उतरवून घेतलेला, दर नव्या डायरीत पहिल्या पानावर पुन्हा लिहिलेला. बस अर्धी रिकामी होती. खिडकीतून दुकानांची बंद शटर, गाड्या धुणारी माणसं, एका गॅलरीत पाय पसरून बसलेली कुणी मुलगी, हे सगळं तिला दिसत होतं आणि मनात वाक्यं जुळत होती. तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत. प्रत्येक वाक्यात तो मोठा, शांत माणूस मान डोलवत होता आणि तिच्या डोक्यावर हात ठेवत होता. हा हात आपल्याला हवा आहे, त्यासाठीच आपण निघालो आहोत, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला उतरून परत फिरावंसं वाटलं. पण उतरायची जागा तीच होती.

दार मास्तरांनी उघडलं. लहान झाले होते, किंवा तिने त्यांना मोठं केलं होतं. ओळखायला त्यांना क्षणभर लागलं. "अगं तू," ते म्हणाले. "ये. ही आत आहे. बस." दार लावून त्यांनी कडी घातली, हात मागे घेतला, पुन्हा कडी चाचपली, दोन पावलं आले आणि परत जाऊन तिसऱ्यांदा चाचपली. खोली स्वच्छ होती आणि जागोजागी कागदाचे कपटे चिकटवलेले होते. दिव्याच्या बटणांखाली, फ्रीजवर, कपाटाच्या किल्लीशेजारी, त्यांच्याच सुबक अक्षरात: बंद केलं? पुन्हा बघ. तिची नजर फिरताना त्यांनी पाहिली. "वय झालं," ती काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाली. "वयाचं नाही हे," ते म्हणाले. "त्या दिवसापासून आहे. तुला आठवतो ना तो दिवस, तू होतीस शेजारी. त्यानंतर हातावरचा भरवसा गेला. स्कूटर सोडली. सही करायची झाली तरी हिला म्हणतो, बघ गं बरोबर आहे का. आता तीच सगळं बघते." हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं, सवयीचं दुखणं सांगावं तसं.

तिने बसमध्ये जुळवलेली वाक्यं शोधली, एकही जागेवर नव्हतं. "मास्तर," ती म्हणाली, "ती कॉपी मी उलटी केली होती." ते तिच्याकडे पाहत राहिले. "कुठली?" "दुसरी. तुम्हाला वॉर्डातून फोन आला म्हणून तुम्ही बाहेर गेलात. मला म्हणालात, अजून एक घेऊन ठेव. मी जुनीवर नवी टाकली. तुम्ही घेतलेली बरोबर होती. मी बघितलं होतं आणि बोलले नाही." मग त्यांनी बारीकसारीक विचारायला सुरुवात केली, अगदी पूर्वीसारखं, कपाटाच्या काळ्या पाठीसमोर उभं राहून विचारायचे तसं. फाइलचं नाव काय दिलं होतंस. फोन किती वेळ चालला. मी परत आलो तेव्हा पडद्यावर काय होतं. तिने एकेकाचं उत्तर दिलं. "पण मला आठवतं," ते शेवटी म्हणाले. "मी ती ओळ दोनदा लिहिली. दुसऱ्यांदा उलटी. मला माझी बोटं दिसतात." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून बोटं जरा हलवली, पाहिली. "इतकी वर्षं दिसताहेत."

"मला वाटलं तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "समितीपुढे तुम्ही म्हणालात, माझ्या हातून झालं. मला वाटलं, माझं मूल लहान म्हणून." ते जरासे हसले, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "तुला वाटलं मी तुझ्यासाठी गप्प बसलो. नाही गं. एवढा मोठा माणूस नाही मी. कळलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं, तुझं मूल असो नाहीतर नसो. मी खरंच समजून बोललो." तिला वाटलं आपण बसलो आहोत ती खुर्ची खालून कुणी काढून घेतली आहे. सतरा वर्षं ज्या माणसाशी ती मनातल्या मनात बोलत आली, तो कधी कुठे नव्हताच. होता तो हा, समोर, स्वतःची बोटं निरखत बसलेला, आणि त्याला तिने एका शब्दाने सोडवलं असतं, कुठल्याही दिवशी, साध्या फोनवरसुद्धा. "मी उद्या हॉस्पिटलात लेखी देते," ती म्हणाली. "खात्यातही सगळ्यांना सांगते." "दे," ते म्हणाले. "दिलंच पाहिजेस." त्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. ते खिडकीकडे पाहत होते. आत नळ वाहत होता, भांडी वाजत होती. तिला वाटलं आता उठावं, आणि उठायला तोंड नव्हतं.

"आत जा," ते एकाएकी म्हणाले. "हिला सांग." ती खुर्चीतून अर्धी उठली. "भांडारात टाकलं त्या दिवसापासून ही माझ्या मागून सगळं तपासत आलीय. वाईट नाही बाई. पण तिने बघितलं नाही असं एक काम नाही माझं. पहिल्या वर्षी मी तिला म्हणायचो, मला नक्की आठवतं मी पहिली कॉपी नीट घेतली होती. ती म्हणायची, असू दे आता. मग मीही म्हणायचं सोडलं." त्यांचा आवाज कुठेच चढला नाही. "मला सांगितलंस, ठीक आहे. आता तिला सांग." "तुम्ही सांगाल तर," ती चाचरली. "मी सांगितलं तर तिला वाटेल म्हातारा आता मनाने रचून सांगतोय," मास्तर म्हणाले. "तू सांग. नीट सांग. मला सांगितलंस तसं, क्रमाने."

स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिली. मास्तरांची बायको पाठमोरी होती, केस पांढरे, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिने एकदा मागे वळून पाहिलं, ओळख पटवायचा प्रयत्न केला, नळ बंद केला. "पाणी हवंय का?" तिने विचारलं. "नको, काकू. मी यांच्याबरोबर हॉस्पिटलात होते. तुम्हाला एक सांगायचंय, जरा बसता?" काकू बसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मास्तर तिच्या पाठीशी दारापर्यंत आले असावेत, कारण काकूंच्या कपाळावर लगेच आठी पडली, आता यांनी काय करून ठेवलं अशी. त्या आठीकडे बघतच तिने बोलायला सुरुवात केली. "त्या दिवशी यांनी कॉपी बरोबर घेतली होती," ती म्हणाली. "मग यांना फोन आला आणि हे खोलीबाहेर गेले. आत मी एकटी होते."